पुढील प्रसूतीचा निर्णय आणि मागील कागद

बाळंतपण हा स्त्रीचा दुसरा जन्म होय, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. पहिल्या खेपेस जिला शस्त्रक्रियेला, अतिरक्तस्रावाला किंवा झटक्यांना तोंड द्यावे लागले, तिच्या घरी दुसऱ्या खेपेची चाहूल आनंदाबरोबर चिंताही घेऊन येते. या वेळी प्रसूती नैसर्गिक होईल, की पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल? घरातील वडीलधारी मंडळी आणि शेजारीपाजारी आपापल्या परीने उत्तर देऊ लागतात. वस्तुतः या उत्तराचा मोठा भाग मागील बाळंतपणाच्या कागदावर लिहिलेला असतो.

हा प्रश्न आता थोड्या घरांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ टक्के झाले. म्हणजे चार प्रसूतींपैकी एक.

जुना समज आणि आजचे ज्ञान

एकदा सिझेरियन झाले, की पुढे कायम सिझेरियनच, हा समज सर्वत्र रूढ आहे. न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी १९१६ मध्ये अशा आशयाचे विधान केले होते. त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत असत व तो व्रण पुढील कळांच्या वेळी फाटण्याचे भय मोठे असे. पुढे ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांनी खालच्या, पातळ भागावरील आडव्या छेदाचा पुरस्कार केला. हा व्रण अधिक टिकाऊ ठरला.

असा एकच आडवा व्रण असेल आणि अन्य अडचण नसेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या चार मातांपैकी सुमारे तिघींना यश येते. व्रण फाटण्याचा धोका दोनशेत सुमारे एकीला असतो. छेद उभा असल्यास मात्र हा धोका कितीतरी पटींनी वाढतो. तेव्हा कळा सुरू होण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करणे हिताचे. पोटावरचा व्रण आडवा दिसतो म्हणून गर्भाशयावरचा छेदही आडवाच असेल, असे नव्हे. ते कागदच सांगू शकतो.

मागील शस्त्रक्रियेचे कारणही तितकेच महत्त्वाचे आहे. मूल पायाळू होते, हे कारण पुन्हा उद्भवेलच असे नाही. कटिभाग अरुंद असेल, तर ते कारण कायम राहते. पूर्वी एखादी प्रसूती नैसर्गिक झाली असल्यास यशाची आशा वाढते. दोन बाळंतपणांत अंतर फार कमी असल्यास धोका वाढतो. याउलट, प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढील खेपेस वार जुन्या व्रणावर चिकटून बसण्याची भीती वाढत जाते. म्हणून शस्त्रक्रिया हा निर्धोक मार्ग नव्हे, आणि नैसर्गिक प्रसूती हा प्रतिष्ठेचा विषयही नव्हे. सर्व बाजू समजावून दिल्यानंतर मातेचे मत निर्णायक मानले पाहिजे.

पद्धतीइतकेच स्थळ महत्त्वाचे

व्रण फाटल्यास काही मिनिटांतच शस्त्रक्रिया करावी लागते. यास्तव जिच्या गर्भाशयावर व्रण आहे, तिची प्रसूती जेथे शस्त्रक्रिया, भूलतज्ज्ञ व रक्त उपलब्ध असेल, अशाच रुग्णालयात व्हावी. घरी किंवा लहान दवाखान्यात कळा वाढविण्याचे इंजेक्शन घेणे तिच्या जिवावर बेतू शकते. कळांच्या मधल्या वेळीही न थांबणारी वेदना, अंगावरून रक्त जाणे किंवा चालू कळा एकाएकी थांबणे, ही धोक्याची लक्षणे होत. मागील खेपेस अतिरक्तस्राव झाला असेल किंवा झटके आले असतील, तर प्रसूती नैसर्गिक होणे शक्य असले तरी स्थळ मोठे रुग्णालयच हवे.

कागद कोठे असतो?

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. त्याचे डिस्चार्ज कार्ड माहेरच्या पेटीत राहते आणि दुसरी प्रसूती सासरी होते. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत तर कार्ड गावी आणि गर्भवती फडावर, अशी स्थिती होते. ऐन वेळी डॉक्टरांसमोर माता असते, पण तिचा पूर्वेतिहास नसतो.

येथे गावाचे कर्तव्य सुरू होते. गर्भवतीची नोंद होताच आशा कार्यकर्तीने मागील कागद मागवून घ्यावा आणि शस्त्रक्रियेचे कारण, छेदाचा प्रकार, झालेली गुंतागुंत व तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर उतरवून घ्यावी. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या मोफत तपासणीस हे कार्ड न्यावे. आठवा महिना संपण्यापूर्वी रुग्णालय निश्चित व्हावे. पंचायत सदस्यांनी वाहनाची तजवीज आधीच करावी; १०८ व १०२ हे क्रमांक घरोघरी ठाऊक असावेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून शासकीय रुग्णालयात सिझेरियन, औषधे, रक्त व ने-आण विनामूल्य आहे, ही माहिती शिक्षकांनी पालकसभेत अवश्य द्यावी.

सातबाऱ्याचा उतारा आपण जिवापाड जपतो. बाळंतपणाचा कागदही त्याच पेटीत, तितक्याच काळजीने ठेवला, तर पुढील खेपेस एका मातेचे प्राण त्यावर वाचू शकतील.