आठवणीची घडण

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तो सोहळा पाहिलेला कामगार ती हकिकत वर्षानुवर्षे सांगत राहिला, तर मागाहून ऐकलेल्या गोष्टी व पाहिलेली छायाचित्रे तिच्यात नकळत मिसळू शकतात. तो खोटे बोलत नसतो. मग असे का घडते?

याचे एक कारण उंदरांवरील प्रयोगातून सुचते. २००० साली न्यूयॉर्कमधील करीम नादेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना विशिष्ट आवाजाबरोबर विजेचा धक्का दिला. नंतर तोच आवाज ऐकवून भीती जागवली आणि लगेच मेंदूत नवी प्रथिने बनू न देणारे औषध सोडले. ती भीती पुष्कळशी ओसरली. आवाज न ऐकवता औषध दिलेल्या उंदरांची भीती मात्र टिकली. जागी झालेली आठवण काही काळ बदलण्याजोगी होते, असा याचा अर्थ लावला गेला.

थंड पोलाद सहजी वाकत नाही. तापले की नवा आकार घेते आणि निवल्यावर तोच धरून ठेवते. आठवणीचेही काहीसे असेच आहे. प्रत्येक आठवण बदलतेच असे नाही. परंतु सांगणाऱ्याची खात्री हा खरेपणाचा पुरावा नव्हे. म्हणून साक्ष असो वा व्यवहार, घडलेली गोष्ट त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवणे श्रेयस्कर.