रायगड किनाऱ्याचे दुर्मिळ ग्रंथ आणि स्थलनामांची अडचण

प्रादेशिक इतिहासाच्या दुर्मिळ ग्रंथांविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा जतनाच्या अंगाने. कागद ठिसूळ होतो, कसर लागते, बांधणी सुटते; हे सारे खरेच आहे. परंतु अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण निराळी असते. ग्रंथ ग्रंथालयात सुस्थितीत असतो, मात्र तो कोणत्या नावाने मागावा हे त्यास ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या नावांच्या अडचणीचाच विचार करावयाचा आहे.

'रायगड जिल्हा' हे नाव १९८१ पासूनचे. त्यापूर्वीचा जिल्हा कुलाबा, आणि तोही स्वतंत्र जिल्हा म्हणून १८६९ पासूनचा. साहजिकच तालिकेत 'रायगड' हा शब्द शोधला की शिवछत्रपतींची राजधानी आणि राज्याभिषेक यांवरील ग्रंथ हाती येतात. किनारा येत नाही. रायगडातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने आपला विद्यार्थी बहुधा प्रथम राजाबाई मनोऱ्याच्या ग्रंथालयाकडे वळतो. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दिलेल्या देणगीतून उभे राहिलेले हे ग्रंथालय १८८० मध्ये खुले झाले. ज्या काळात ते आकाराला आले, त्या काळच्या कोणत्याही ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आजच्या अर्थाने 'रायगड जिल्हा' असणे शक्य नाही, ही साधी गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड (१८८३) कुलाबा आणि जंजिरा यांचा आहे. जंजिरा हे सिद्दीचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत वेगळे राहिले, म्हणून मुरुड-श्रीवर्धनचा मजकूर त्या खंडातही स्वतंत्र विभागात आहे. याउलट घारापुरी आणि उरण आज रायगडात असली तरी त्यांची वर्णने ठाण्याच्या खंडात (१८८२) पाहावी लागतात. केवळ अकरावा खंड चाळून 'गॅझेटियर पाहिले' अशी टीप देणाऱ्या प्रबंधांत घारापुरीचे पान कोरे राहते ते यामुळे.

'कुलाबा' या शब्दातही एक खोच आहे. अलिबागसमोरचा जलदुर्ग कुलाबा आणि मुंबईच्या दक्षिण टोकाचे बेटही कुलाबाच. एन. ए. एफ. मूस यांचा कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींचा ग्रंथ (१९१०) जिल्ह्याच्या ग्रंथांत शोभून दिसेल, परंतु त्यातील कुलाबा मुंबईचा आहे. गंमत अशी, की मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकीय वेध घेण्याचे काम १९०४ मध्ये जेथे हलविले ते ठिकाण अलिबाग होय! एका कुलाब्याची नोंद अशा रीतीने दुसऱ्या कुलाब्यात आली.

याहून गंभीर प्रकार आंग्र्यांचा. क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज दर्यावर्द्याचे पुस्तक १७३७ मध्ये लंडनला छापले गेले. कुलाब्यावर १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेल्या आणि फसलेल्या स्वारीत तो स्वतः होता, म्हणून त्याचे मोल आहे. पण ग्रंथाच्या नावात आहेत ती 'हिंदुस्थानातील युद्धे'; आंग्रेही 'आंग्रिया' या रूपात येतात. पुढे १९०७ मध्ये जॉन बिडल्फ यांनी याच विषयावर लिहिलेल्या ग्रंथाचे नाव 'मलबारचे चाचे' अशा अर्थाचे आहे. अलिबागचा सरखेल मलबारात कसा गेला? त्या काळच्या इंग्रजी वापरात साऱ्या पश्चिम किनाऱ्यालाच मलबार म्हणत. नावाच्या या एका ओळीत भूगोल पुसला गेला आहे आणि निवाडाही देऊन झाला आहे. ग्रंथालयाने असा ग्रंथ 'चाचेगिरी' या विषयाखाली ठेवला की तो निवाडा वर्गीकरणात कायम होतो. दा. गो. ढबू यांचा 'कुलाबकर आंग्रे सरखेल' (१९३९) हा ग्रंथ याच माणसांविषयी आहे. परंतु तालिकेत हे दोन ग्रंथ एकमेकांस भेटत नाहीत. ती भेट अभ्यासकालाच घडवावी लागते.

चौलची नावे तर एका हाताच्या बोटांवर मावत नाहीत. टॉलेमीचे सिमुल्ला, अरबांचे सैमूर, रशियन प्रवासी निकितीनचे चिविल, गॅझेटियरचे चेऊल. जेर्सन दा कुन्हा यांचा चौल आणि वसई यांवरील ग्रंथ १८७६ चा असून या नामावळीसाठी आजही त्यावाचून गत्यंतर नाही. रेवदंड्याचे ठाणे १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, त्यामुळे त्याचे कागद गोव्यात सापडतात. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातील पिसुर्लेकर संग्रह येथे उपयोगी पडतो. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी आयुष्यभर पोर्तुगीज दप्तरे धुंडाळली. ज्यांना पोर्तुगीज येत नाही अशांनी त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये काढलेला मराठी ग्रंथ आधी वाचावा आणि त्यातील नावांची यादी घेऊन मगच गोव्यास जावे. पणजीच्या फेऱ्या वाचतात.

किनाऱ्यावरच्या लोकांनी आपल्या मुलखास दिलेले नाव अष्टागर. शां. वि. आवळसकर यांचा 'आंग्रेकालीन अष्टागर' (१९४७) ते नाव मुखपृष्ठावर मिरवतो, आणि माझ्या मते या पट्ट्यावरच्या वाचनाचा आरंभ गॅझेटियरपासून नव्हे, येथून व्हावा. मराठीच्या विद्यार्थ्यास त्यालगत शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) लागेल. अक्षीचा शिलालेख त्यात आहे. त्याचा शक ९३४, म्हणजे सन १०१२, असा वाचला जातो. कालनिश्चितीविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. हा ग्रंथ भाषेच्या कपाटात असतो, इतिहासाच्या नव्हे.

बेने इस्रायल समाजाचा इतिहास तर आणखी दूर गेला आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये इंग्रजीत लिहिलेला हा ग्रंथ छापला गेला तो लेखकाच्या पश्चात, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे. ग्रंथालयात तो यहुदी धर्माखाली असण्याचा संभव अधिक, आणि कोकणाच्या अभ्यासकाची दृष्टी तेथवर जात नाही. वस्तुतः तेलाचे घाणे चालविणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या, म्हणून 'शनिवार तेली' म्हणविल्या गेलेल्या या समाजाने गावांची नावे आडनावांत धरून ठेवली आहेत: पेणकर, रोहेकर, नवगावकर. लेखकाच्या आडनावातले केहिम म्हणजे अष्टागरातले किहीम.