रातांबा की तोंडली?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात नाटे गावी खाडीच्या अंगाला आमचं घर आहे. परसात विहिरीपलीकडे साधारण तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद जागा मोकळी आहे. सासूबाई वर्षभर तिथेच असतात. आम्ही मुंबईहून गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात जातो. ह्यांचं म्हणणं, रातांबा म्हणजे कोकम लावू. सदाहरित झाड, एकदा लावलं की बघायला नको. सासूबाईंना तोंडलीचा मांडव हवा आहे. दोन्ही वर्षानुवर्षं टिकणारं, मग नेमका फरक काय आणि लावायचं काय? – एक वाचक, मुंबई

उत्तर : दोन्ही टिकाऊ खरी, पण दोघांचं घड्याळ वेगळं आहे. तुमच्या घरातला वाद त्या घड्याळापाशीच सुटतो.

तोंडलीची वेल पावसाच्या तोंडावर लावली की दोन-तीन महिन्यांत फळ धरते, म्हणजे गणपतीच्या आगेमागे पहिली भाजी घरची होते. तीन-चार वर्षं ती जोमात असते, मग हळूहळू ओसरते आणि तिचाच तुकडा नव्या जागी लावावा लागतो. रातांब्याचं उलट. बी रुजवून वाढवलेलं झाड फळावर यायला सात-आठ वर्षं घेतं, कलम चार-पाच. त्यानंतर मात्र ते पिढ्यांचं धन. म्हणजे रातांबा भरात येईपर्यंत तोंडलीची एक पिढी संपून दुसरीही म्हातारी झालेली असते. तीस फुटांत या दोघांची भांडणं लागायचं कारणच नाही.

दुसरा फरक माणसाचा. तोंडली तीन-चार दिवसांआड काढावी लागतात. राहिली की आत बी धरतं, मग लाल होतात आणि भाजीच्या कामाची उरत नाहीत, ती बुलबुलांची. वेलीला दिवाळीनंतर पाऊस येईपर्यंत पाणीही हवं. थोडक्यात, वेलीला घरात रोज राहणारं माणूस लागतं. तुमच्या घरात ते माणूस म्हणजे सासूबाई. रातांब्याला काळजी लागते ती पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत. नंतर तो तुमची वाट बघत नाही, आणि पिकतो नेमका एप्रिल-मे महिन्यात, तुम्ही सुट्टीला आलेले असता तेव्हा.

म्हणून दोन्ही लावा, आणि एकाच जूनमध्ये लावा.

प्रश्न : एकाच जागेत दोन्ही? रातांब्याच्या सावलीत तोंडली जगेल का?

उत्तर : मोठ्या झाडाच्या सावलीत नाही जगणार. तोंडलीला लख्ख ऊन लागतं. पण कलम पहिली काही वर्षं कमरेएवढं-पुरुषभर असतं, ते कुणावर सावली धरणार? उलट सावलीची गरज त्यालाच असते. रातांबा मूळचा पश्चिम घाटाच्या रानातला, मोठ्या झाडांच्या आडोशाला वाढणारा. सड्यावरचं एप्रिलचं दुपारचं ऊन कोवळ्या कलमाला करपवतं.

तेव्हा मांडव जागेच्या पश्चिमेला घाला आणि कलम त्याच्या पूर्वेला, सात-आठ फूट सोडून. दुपारनंतर मांडवाची सावली कलमावर पडेल. सासूबाई वेलीला पाणी घालतील तेव्हा दोन तांबे कलमालाही जातील, आणि ‘बघायला नको’ असं ज्याला तुमचे यजमान म्हणतात ते झाड पहिल्या उन्हाळ्यात मरणार नाही. कोकणात चाकरमान्यांनी हौसेनं लावलेली कलमं बहुतेक वेळा इथेच दगावतात : जूनमध्ये लावली, गणपतीत हिरवीगार दिसली, शिमग्याला काडी उरली. साताठ वर्षांनी झाड पसरलं की मांडव पुढच्या अंगणात हलवा.

एक पथ्य मात्र पाळा. वेलीला कलमावर चढू देऊ नका. हवाई आणि ग्वाम बेटांवर ही वेल बाहेरून आली आणि झाडांवर पसरून त्यांना गुदमरवू लागली. हवाईत तर तिला आवरायला १९९६ साली आफ्रिकेतला एक पतंग मुद्दाम सोडावा लागला. आपल्याकडे ती इतकी माजत नाही, पण कोवळं कलम दाबायला तिला एक पावसाळा पुरतो.

प्रश्न : शेजारी रातांब्याची रोपं फुकट देतात, तोंडलीची वेलही कुंपणावर आपोआप आली आहे. तीच लावली तर?

उत्तर : इथेच सगळे फसतात. रातांबा आणि तोंडली, दोघांतही नर वेगळा आणि मादी वेगळी. बियांपासून आलेल्या रातांब्यांत साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळतं सात-आठ वर्षांनी, फुलं आली की. तोपर्यंत पाणी घालणारा हात थकलेला असतो. कुंपणावरच्या तोंडलीचंही तसंच. ती पाखरांनी टाकलेल्या बियांची. नर असेल तर फळच नाही आणि मादी असली तरी पुष्कळदा कडू.

म्हणून रातांब्याचं कलमच घ्या, मादी झाडाचं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ आणि २००६ मध्ये ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या. हातीसची फळं आकारानं मोठी आणि जाड सालीची. कलम विकत घेताना त्याचा शेंडा बघा. रातांब्याच्या आडव्या फांदीची काडी वापरून बांधलेलं कलम आडवंच वाढतं, जमिनीलगत पसरतं, त्याचं धड झाड होत नाही. सरळ वर जाणारा शेंडा असलेलं कलम दोन पैसे जास्त देऊन घ्या.

तोंडलीसाठी रोप शोधूच नका. ज्या वेलीची भाजी तुम्ही स्वतः खाल्ली आहे, तिच्या मालकिणीकडून पेन्सिलीएवढ्या जाडीचे, तीन-चार डोळे असलेले जून वेलीचे तुकडे मागून आणा. फुलावरून ओळखायचं तर पांढऱ्या फुलाच्या मागे इवलंसं हिरवं तोंडलं दिसलं की ती मादी. लागवडीतल्या पुष्कळ वेली शेजारी नर नसतानाही फळ धरतात, त्यामुळे परसापुरती ती चिंता नको.

प्रश्न : आमच्याकडे खाली जांभाच आहे. लावायचं कसं?

उत्तर : रातांब्यासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यातच पहारीनं काढून ठेवा आणि माती व कुजलेलं शेणखत घालून भरा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कातळातल्या खड्ड्यात पाणी तुंबलं तर मुळं कुजतात, म्हणून उताराच्या बाजूनं पाण्याला वाट ठेवा. तोंडली खड्ड्यात नकोच. मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. खाडीवरचा खारा वारा थेट येत असेल तर आधी गडगा कंबरभर उंच करून घ्या.

मांडव सासूबाईंच्या मापाचा घाला. हात वर केला की तोंडलं हाताला लागलं पाहिजे, स्टुलावर चढायची वेळ येता कामा नये. वर्षातून एकदा जुनी वेल छाटून टाका, नव्या फुटव्यांवर फळ चांगलं लागतं. तोंडल्यांत अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. किडकी फळं खाली पडू न देता खोल पुरा आणि क्यू ल्यूर हे आमिष लावलेला सापळा टांगा. आंब्याच्या सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल या माशीला ओढत नाही.

प्रश्न : सदाहरित झाड म्हणजे पाचोळा नाही ना? विहीर जवळ आहे म्हणून विचारते.

उत्तर : पाचोळा आहे. सदाहरित झाड एकदम उघडं पडत नाही एवढंच. जुनी पानं थोडी थोडी गळतच राहतात आणि तांबूस कोवळी पालवी येत राहते. शिवाय पिकले रातांबे खाली पडतात, ते वेगळेच. तेव्हा विहिरीपासून आणि घराच्या भिंतीपासून निदान पंधरा-वीस फूट लांब लावा. झाड उभट, शंकूसारखं वाढतं, पण खालच्या फांद्या लोंबतात.

प्रश्न : एका झाडाच्या रातांब्यांचं करायचं काय?

उत्तर : चांगलं वाढलेलं कलमी झाड शंभर किलोंच्या वरही फळ देतं, तेव्हा हा प्रश्न आधी विचारलात ते बरं. फळं फोडून साली वेगळ्या करा. गर आणि बिया मिठात घालून ठेवा, त्यांना रस सुटतो. साली त्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी चार-पाच पुटं बसली की साल काळपट, लवचीक होते, ते आमसूल. खारवलेला रस गाळून बाटलीत भरला की आगळ, सोलकढीपुरता वर्षभर. बियांचं घट्ट तेल, म्हणजे मुठेल, टाचांच्या भेगांना. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सगळी धावपळ पावसाआधीची. वळीव लवकर आला तर झाडावरची फळं आणि अंगणातल्या साली दोन्ही जातात.

आता निकाल. जागा एकाच रोपापुरती असती, तर मी तोंडली म्हटलं असतं, कारण परसात रोज फिरणाऱ्या माणसाचा त्यावर पहिला हक्क. तुमच्याकडे जागा दोघांना पुरते, म्हणून सासूबाईंचा मांडव आणि यजमानांचं कलम एकाच पावसात लावा. आणखी एक सांगणं. शेजारच्या बांधावर कधीच न फळणारा एखादा रातांबा असेल, तर तो बहुधा नर आहे. त्याच्या परागावरच तुमच्या मादी झाडाला फळ धरायचं आहे. निरुपयोगी म्हणून सरपणासाठी त्याच्यावर कोयता चालवू देऊ नका.