गरज खरी, दावा खोटा ठरला : व्यापारी गाळ्याच्या ताब्याविषयी अनुभवाचे बोल

मालकी आणि ताबा हे दोन वेगळे हक्क असून, गाळा भाड्याने दिल्यावर मालकी अबाधित राहिली तरी ताबा परत मिळवण्यासाठी कायद्याने आखलेल्या वाटेनेच जावे लागते, हे हिंगोलीसारख्या गावातील पुष्कळ गाळेमालकांना दावा हरल्यावरच उमगते. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे नियंत्रण कायदा होता; ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. तो अनुसूचीत नमूद क्षेत्रांपुरताच लागू असल्याने, आपला गाळा त्यात मोडतो की नाही, हे आधी तपासणे आवश्यक ठरते.

या अधिनियमाच्या कलम १६ नुसार मालकाला जागा स्वतःच्या वापरासाठी ‘वाजवी आणि प्रामाणिक’ कारणाने हवी असेल, तर न्यायालय ताब्याचा हुकूमनामा देऊ शकते. महाराष्ट्रातील एका मालकाला आपल्या जागेत किराणा दुकान काढायचे होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये स्पष्ट केले की अशी गरज नुसत्या इच्छेपेक्षा अधिक असावी, मात्र ती अगदी निरुपायाची असण्याचे कारण नाही, आणि नवा धंदा काढण्यासाठी मालकाने आधीची नोकरी गमावलेली असणेही जरुरीचे नाही.

कायदा इतका अनुकूल असतानाही प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने दावा गमावला, तो स्वतःच्या वागण्यामुळे. कृषी पदवीधर मुलाला बी-बियाण्यांचे दुकान काढून देण्यासाठी बाजारपेठेतील एका गाळ्याचा ताबा मागण्यात आला होता आणि ती गरज खरीच होती. परंतु दावा चालू असताना शेजारचा स्वतःचाच गाळा रिकामा झाला, तेव्हा वाढीव भाड्याच्या मोहाने तो दुसऱ्याला देण्यात आला आणि न्यायालयाला त्याची माहितीही दिली गेली नाही. उलटतपासणीत भाडेकरूच्या वकिलांनी त्या नव्या कराराची प्रत पुढे करून, मुलाचे दुकान तेथे का काढले नाही, एवढेच विचारले. त्याला उत्तर नव्हते. दावा फेटाळला गेला आणि मुलाला अखेर परक्याचा गाळा भाड्याने घ्यावा लागला.

म्हणून मालकाने आपल्या सर्व जागांची माहिती दाव्यातच द्यावी, दुसरी जागा सोयीची नसेल तर तिची कारणे मांडावीत आणि धंद्याच्या तयारीचे कागद जपून ठेवावेत. गरज सिद्ध झाली तरी न्यायालय तुलनात्मक अडचण, म्हणजे ताबा दिल्याने किंवा नाकारल्याने कोणाचे नुकसान अधिक होईल, हे तपासते आणि प्रसंगी जागेच्या काही भागापुरताच हुकूमनामा देते; त्यामुळे भाडेकरूला परिसरात दुसरा गाळा मिळू शकतो का, याचा पुरावा दोन्ही पक्षांच्या दृष्टीने मोलाचा ठरतो. कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. अकरा महिन्यांचा करार मुद्रांक कागदावर लिहिला की भागते, हा समज चुकीचा आहे.

ताबा मिळाल्यानंतरही बंधन संपत नाही. एका महिन्यात जागा वापरात आणली नाही, किंवा वर्षाच्या आत ती तिसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू कलम १७ खाली ती परत मागू शकतो. गरज खरी असणे पुरेसे नाही. दावा दाखल करण्यापूर्वीपासून ताबा मिळाल्यानंतरपर्यंत मालकाचे वर्तन त्या गरजेशी जुळले पाहिजे.