केंद्रप्रमुख झालीस पोरी, तर ऐक

विभागीय परीक्षा पास झालीस, केंद्र मिळालं, पेढेही पोचले. आता दहा-बारा शाळा तुझ्याकडे, त्यातल्या निम्म्या दोनशिक्षकी. शिक्षकांत काही असे की तू पाटीवर अक्षरं गिरवत होतीस तेव्हापासून शिकवताहेत. त्यांना शिकवायला जाऊ नकोस. ते एकमेकांकडून शिकतील एवढी सोय कर, तेवढंच तुझं काम. कोचिंगची पुस्तकं वाचलीस म्हणतेस, बरं केलंस. मावशीकडून आता पुस्तकाबाहेरचं घे.

१. शाळेत गेलीस की ऑफिसच्या खुर्चीत टेकू नकोस, वर्गात मागे बसकरपट्टीवर पोरांशेजारी बस – खुर्चीत बसलीस की मुख्याध्यापक रजिस्टरं काढायला धावतात, आणि चहा यायच्या आत तपासणी सुरू झालेली असते.

२. तपासणीचा दिवस वेगळा ठेव, सोबतीचा वेगळा. ज्या दिवशी हजेरीपट आणि पोषण आहाराच्या नोंदी बघायच्या, त्या दिवशी ‘तुमचा पाठ बघू का’ म्हणू नकोस – धास्तीत घेतलेला पाठ हा कार्यक्रम असतो. वही उघडली की तोंड मिटलं, एवढं ध्यानात ठेव.

३. शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक, प्रगतीस वाव’ असलं काही लिहू नकोस. पाहिलेली एकच गोष्ट लिही, जसं की ‘तिसरीतली मागच्या ओळीतली मुलगी आज आपणहून फळ्याशी आली’ – असं वाक्य बाई घरी जाऊन नवऱ्यालाही सांगतात, प्रगतीचा वाव कुणी सांगत नाही.

४. प्रश्न विचारलास की गप्प बस. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. मोठ्यांच्या बैठकीत तू मनात पाचपर्यंत मोज – त्यांना उत्तराआधी ‘मॅडम काय समजतील’ याचाही हिशोब करावा लागतो.

५. ‘असं का केलंत?’ हा प्रश्न तोंडातून काढूच नकोस – आपल्या खात्यात ‘का’ म्हटलं की पुढे लेखी खुलासा येतो, हे सगळ्यांच्या अंगात मुरलंय. ‘त्या वेळी तुमच्या डोळ्यांसमोर कोणतं मूल होतं?’ असं विचार, उत्तर तेच मिळेल आणि गुरुजींचा रक्तदाबही जागेवर राहील.

६. जॉन व्हिटमोर या मोटारशर्यतीतून आलेल्या माणसानं १९९२च्या पुस्तकात चार पायऱ्या मांडल्या, त्या पाठ कर: काय साधायचंय, आत्ता कुठे आहोत, काय काय करता येईल, त्यातलं काय आणि कधी करणार. सगळ्यात जास्त वेळ दुसरीवर काढ – आपली माणसं पहिलीवरून थेट चौथीवर उडी मारतात आणि मग वर्षभर तोच उपक्रम नाव बदलून चालतो.

७. आता महिन्याच्या शिक्षण परिषदेचं सांगते, हे नीट ऐक. परिपत्रकं तिथे वाचून दाखवू नकोस, ती ग्रुपवर टाक – शिक्षकांना वाचता येतं. त्याऐवजी यजमान शाळेतल्या पाच मुलांच्या वह्या सतरंजीवर ठेव. समज, ५२ वजा २७ असं गणित आहे आणि तिघांनी उत्तर ३५ लिहिलंय. पहिला आवाज हमखास येतो, ‘लक्ष देत नाहीत हो हल्लीची पोरं.’ तू बोलू नकोस. कुणीतरी वाकून बघेल आणि म्हणेल, ‘अरे, तिघांचंही उत्तर एकच कसं?’ मग कळतं, की पोरांनी सातातून दोन वजा केलेत. मोठ्यातून लहान काढायचं, हे आपणच तर पहिलीत शिकवलेलं. म्हणजे पोरांनी लक्ष दिलंय, फार मन लावून दिलंय. एवढ्यात दुसरी बाई आपल्या वर्गातलं सांगते, की सत्तावीस ऐकून मुलं ७२ लिहितात, कारण कानावर सात आधी पडतो. मग काड्यांचे गठ्ठे निघतात, कुणी सांगतं ३५मध्ये २७ मिळवून मुलालाच बघू द्या ५२ येतात का. अर्धा तास गेला, तू चार वाक्यंही बोलली नाहीस, आणि परिषद झाली.

८. त्या वह्यांवरची नावं झाकून ठेव, आणि पाचच घे – पंधरा वह्या आल्या की लोक टक्केवारी काढायला लागतात.

९. ज्याचा वर्ग, त्याचा पहिला शब्द. पाठ घेणाऱ्याला आधी बोलू दे, मग बाकीच्यांना, सगळ्यात शेवटी तू – तू आधी बोललीस की उरलेले सगळे तुझंच वाक्य फिरवून म्हणतात.

१०. एकमेकांचे वर्ग बघायला शिक्षकांच्या जोड्या लाव, पण बघायला गेलेल्यानं सूचना द्यायची नाही, असा नियम कर. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी सहकाऱ्यांनी एकमेकांना साथ देण्याची ही पद्धत १९८०च्या दशकात रुजवली आणि पुढे स्वतःच सांगितलं, की अभिप्राय देणं वगळा. शिकवणारा तो मार्गदर्शक, बघणारा तो शिकणारा – अभिप्राय सुरू झाला की मैत्रीतसुद्धा साहेब शिरतो.

११. दोनशिक्षकी शाळेतला गुरुजी दुसऱ्याचा वर्ग बघायला गेला तर त्याचा वर्ग कोण घेणार, असं तुला कुणीतरी विचारेलच. ‘मी घेते’ म्हण, आणि खरंच जा – त्या दोन तासांत तुला केंद्राची जी माहिती मिळेल ती कुठल्या लिंकवर भरून येत नाही.

१२. वर्षातून एकदा तरी चौघांनी मिळून एक पाठ आखा, एकानं घ्यायचा, बाकीच्यांनी शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघायचं. जपानी शिक्षक हे शंभराहून जास्त वर्षं करताहेत – पाठ चौघांचा असला की फसला तरी चौघांचाच फसतो, एकट्याची मान खाली जात नाही.

१३. ‘असले उपक्रम फार पाहिले’ म्हणणारे गुरुजी तुझ्याही केंद्रात आहेत. त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांनी खरंच पाहिलेत: आपल्या लातूर-नांदेडकडे १९९४चा डीपीईपी, मग २०१५चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, २०२१पासून निपुण भारत. त्यांना विचार, ‘यातलं तुमच्या वर्गात आजही काय टिकलंय?’ – टिकलेलं सांगताना त्यांचा आवाज बदलतो, आणि नव्या पोरांना ते ऐकायला मिळतं.

(सातारा जिल्ह्यातलं, ज्ञानरचनावादी वर्गांसाठी गाजलेलं कुमठे बीट आठव. गाड्या करकरून लोक बघायला गेले, परत येऊन आपापल्या शाळांच्या फरशा रंगवल्या. तिथले शिक्षक आपसात काय बोलत होते, ते फार थोड्यांनी विचारलं. रंग स्वस्त पडतो.)

१४. कौतुक करायचं तर चारचौघांत, पण शाळेशी शाळा ताडून नाही – एकीचं नाव पहिलं घेतलंस की दुसरी आपली युक्ती पुढच्या परिषदेत सांगत नाही.

१५. उपक्रमाचे फोटो मागू नकोस – फोटो मागितले की फोटोच मिळतात.

१६. परिषद संपताना प्रत्येकानं एकच गोष्ट ठरवावी, तीही कुठल्या दोन मुलांसाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे बोलून दाखवावं. पुढच्या परिषदेची सुरुवात त्यावरूनच कर, आणि ज्यांचं जमलं नाही त्यांना ‘मध्ये काय आलं?’ एवढंच विचार – लाजलेला माणूस पुढच्या महिन्यात खोटं सांगतो.

१७. महिन्यातून एक पाठ तू स्वतः घे, सगळ्यांसमोर, आणि अवघड घटक निवड – तुझा खडू मोडलेला बघितला की बाकीच्यांची हिंमत वाढते.

१८. २०२०च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते सगळेच तास स्क्रीनसमोर प्रमाणपत्रासाठी जाऊ देऊ नकोस, जमेल तेवढे आपल्या केंद्रातल्या माणसांनी एकमेकांना देऊ देत – ओढ्यापलीकडची शाळा कशी चालते, हे व्हिडिओवाल्याला ठाऊक नसतं.

१९. कुणी घरचं दुखणं किंवा बदलीची काळजी काढली तर पाठाचा विषय त्या दिवशी बाजूला ठेव. पण ते ऐकलेलं तालुक्याला नेऊ नकोस, अगदी कौतुकानंसुद्धा – गट साधन केंद्राच्या भिंतींना कान नाहीत, थेट तोंडंच आहेत.

२०. आणि पावसाळ्याच्या आत लांबच्या वस्त्यांवरच्या शाळा करून घे, पहिली परिषदही तिकडेच ठेव – रस्त्यावरच्या शाळेत काय, कुणीही साहेब जाता येता थांबतो.