खेळाडूची पिशवी, बंजारा भरतकामाची

गेममध्ये तलवार, ढाल, औषधाची कुपी असं सगळं ठेवायला खेळाडूकडे एक पिशवी असते, आणि ती बहुतेकदा युरोपीय धाटणीची, चामड्याची असते. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. एकेकाळी बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून देशभर लदेणी करणाऱ्या या समाजाची पिशवी गेममध्ये का नको?

तिचं गेमसाठी चित्र करायचं तर आधी खरी पिशवी हाताळा. ज्यांनी तिच्यावर भरतकाम केलं त्या बाईंना फोटो कशासाठी हवा ते नीट सांगा आणि त्यांनी होकार दिला तरच काढा. पिशवी साध्या कापडावर, दिवसाउजेडी पण सावलीत ठेवा. कॅमेरा जरा तिरका धरा, नाहीतर भरतकामातल्या प्रत्येक आरशात तुमचंच डोकं येतं.

आता वर्णनावरून चित्र काढणारं एआय मॉडेल, स्टेबल डिफ्यूजन एक्सएल, उघडा. आकार १०२४ बाय १०२४. प्रॉम्प्ट इंग्रजीत लिहा: आधी वस्तू, मग कापड, टाका, आरसे, कवड्या, शेवटी प्रकाश डावीकडून वरून आणि मागे सपाट करडा रंग. नुसत्या ‘बंजारा बॅग’ एवढ्या शब्दांवर माझ्याकडे दुकानातली झालरवाली पर्स आली होती. म्हणून काढलेला फोटो सोबत द्या आणि त्यात मॉडेलने करायच्या बदलाचं प्रमाण (डिनॉइझिंग स्ट्रेंग्थ) ०.४५ च्या आसपास ठेवा. त्याहून फार वाढवलं की नक्षी मॉडेलच्या मनची होते. एका वेळी चार चित्रं काढा, आवडलेल्याचा सीड क्रमांक वहीत टिपा, म्हणजे त्याच सेटिंगवर तेच चित्र पुन्हा काढता येतं.

सगळ्यात जास्त वेळ कवड्यांवर जातो. शिवायची कवडी पाठीकडून कापलेली असते, त्यामुळे ती कापडाला चपटी बसते आणि दातेरी फट वर दिसते. मॉडेल तिची भोपळ्याची बी करतं. तेवढाच भाग ब्रशने झाका, प्रॉम्प्टमध्ये फक्त कवडीचं वर्णन ठेवा आणि पुन्हा काढा. पाच-सहा खेपा लागतील, लागू द्या. कवडी हे एकेकाळचं चलनच, तेव्हा खेळाडूच्या पिशवीवर ती ओळखू आलीच पाहिजे.

जमलेलं चित्र त्या बाईंना दाखवा. टाका कुठे चुकला ते त्या बोट ठेवून सांगतील. दुरुस्ती झाली की पार्श्वभूमी काढून पारदर्शक पीएनजी करा आणि गेममधल्या चिन्हाएवढं, ६४ पिक्सेलपर्यंत लहान करून पाहा. आरसे एकमेकांत मिसळून नुसता ठिपका दिसत असेल तर मूळ चित्रात आरसे कमी आणि मोठे करा.