अंगणातला अडुळसा

मोताळ्याच्या आमच्या वसतिगृहाला कुंपण हवे होते. तारेच्या कुंपणाला पैसे नव्हते, म्हणून पहिल्या वर्षी मुलींनी हौसेने जास्वंद लावली. वस्तीवरच्या बकऱ्यांनी पंधरा दिवसांत तिचे खुंट केले. दुसऱ्या वर्षी गुलाब आणले, ते मे महिन्यात बोअर आटले तेव्हा वाळून गेले. इकडचा उन्हाळा वाचकांना माहीत आहेच. पारा चाळिशी ओलांडतो आणि वावरात हिरवे म्हणून काही दिसत नाही.

तेव्हा एका मुलीची आजी म्हणाली, "ताई, अडुळसा लावा नं. त्याले बकरी तोंड नाही लावत."

अडुळसा हे सदाहरित झुडूप आहे. एकदा रुजले की वर्षानुवर्षे राहते, माणसाच्या उंचीचे किंवा थोडे वरच जाते. पाने लांबट, टोकदार, चवीला कडू आणि उग्र वासाची, त्यामुळे गुरेही ती टाळतात. हिवाळ्यात बाकी बाग मरगळलेली असताना त्याला पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. फुलाच्या खालच्या पाकळीवर जांभळट रेघा असतात आणि फूल जबडा उघडल्यासारखे दिसते. संस्कृतात म्हणूनच त्याला सिंहास्य असेही नाव आहे. मधमाश्या दिवसभर घोंघावत असतात. बकऱ्यांपासून बचाव करायला लावलेले कुंपण इतके देखणे निघेल असे मला वाटले नव्हते.

लागवड सोपी आहे. रोप विकत आणू नका, फांदी मागून आणा. पेन्सिलीएवढी जाड, फार कोवळी नाही आणि फार जून नाही अशी फांदी घ्यावी. वीतभर लांबीचे, तीन-चार पेरांचे तुकडे करावेत. खालचा छेद पेराच्या लगेच खाली तिरपा घ्यावा, पाने काढून टाकावीत आणि दोन पेरे मातीत जातील असे खोचावे. पहिला चांगला पाऊस झाला की हे काम करावे. कुंपणासाठी दोन तुकड्यांत फूटभर ते दीड फूट अंतर पुरे.

आमची चूक इथेच झाली. काळ्या मातीत सपाट जागेवर खोचलेली निम्मी कलमे पावसाचे पाणी साचून कुजली. अडुळसा कोरड सोसतो, पण मुळाशी तुंबलेले पाणी सोसत नाही. पुढच्या वर्षी हातभर रुंद वरंबा केला, त्यात मुरूम आणि शेणखत मिसळले, तेव्हा कुंपण उभे राहिले. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भांडी धुतलेले पाणी दिले. नंतर तेही लागले नाही. पावसाळ्याच्या तोंडाला वरचा तिसरा भाग छाटतो, म्हणजे बुडापासून दाट फूट येते. छाटलेला पाला वाफ्यात गाडला की खत होते.

आता औषधाबद्दल. पानांचा काढा खोकल्यावर देतात हे घरोघरी ठाऊक आहे. त्यातल्या वासिसीन या द्रव्याच्या धर्तीवर ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले, तेव्हा आजीच्या काढ्यात तथ्य आहेच. पण गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते.

दुसरी गोष्ट सांगायला मला संकोच वाटतो. आमच्याकडे पाणी भरणारे एक आबा खोकायचे. मी त्यांना रोज पाने तोडून द्यायचे, काढा कसा करायचा तेही सांगायचे. कफ सुटला की त्यांना बरे वाटे आणि मलाही. असे दोन महिने गेले. मग सदरा अंगावर लोंबू लागला, संध्याकाळी ताप येऊ लागला, तेव्हा कुठे त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. कफ पातळ झाला म्हणून जंतू मरत नाहीत, हे मला कळायला हवे होते. त्या दोन महिन्यांत घरातली नातवंडे त्यांच्याच कुशीत झोपत होती.

सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट मिळाल्या, आबा बरे झाले, नातवंडांचीही तपासणी झाली. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, तपासणीला पैसे पडत नाहीत. निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी मदत मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली आहे. त्यासाठी बँक खात्याचा तपशील दवाखान्यात द्यावा लागतो.

येत्या पावसाळ्याच्या सुरुवातीला आम्ही कुंपण छाटू. ज्यांना कलमे हवीत त्यांनी ओले पोते घेऊन सकाळी लवकर यावे, उन्हात फांद्या सुकतात. कलमे बांधून द्यायला आबा असतील.